वाट चालणाऱ्याची आणि वाट पाहणाऱ्याची



सौंसरला माझ्या आत्याचे घर होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्या अंगणात आम्ही भावंडे ओळीने अंथरुणे घालून निजत असू. पुढे भावंडे पांगली, अंगण मात्र तेच राहिले. गेल्या काही वर्षांत मी एकटाच अधूनमधून तिच्याकडे जाई. रात्रीची जेवणे आटोपली की ती बाजेवर बसे, मी खुर्ची ओढून घेई, आणि डोक्यावरून एखादा लुकलुकणारा दिवा नागपूरच्या दिशेने सरकू लागला की आत्याचा ठरलेला प्रश्न येई, “हे इमान कुठून आलं असंन रे?”

तिचा नातू झुरिकला नोकरीस होता. कामासाठी त्याला फ्रँकफुर्टला वरचेवर जावे लागे. आत्याने एकदा मला विचारले, “हे दोन गावं एकमेकाहून किती लांब हायेत?” मी म्हणालो, “विमानाने तासाभराची वाट आहे.” त्यावर ती हसून म्हणाली, “मंग सौंसर ते नागपूरच म्हन ना!”

त्या वेळी तिचे म्हणणे मी हसण्यावारी नेले. पुढे घरी येऊन नकाशा उघडला तेव्हा लक्षात आले की प्रश्न दिसतो तितका साधा नाही. वाचकहो, आज आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातले कोणी ना कोणी परदेशी आहे. त्यांचे येणे-जाणे आपण किलोमीटरांत आणि तासांत मोजतो. म्हणून या महिन्यात अंतर आणि वेळ या दोन मापांविषयीच चार गोष्टी लिहितो. त्यातील एक माझ्या चुकीची आहे. तीही लपवणार नाही.

दोन विमानतळांमधले अंतर म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरून काढलेली सर्वांत जवळची रेघ. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक फ्रँकफुर्टवर आणि दुसरे दिल्लीवर धरा आणि दोरा ताणा. दोरा ज्या मार्गाने बसतो तो जवळचा मार्ग. भिंतीवरच्या सपाट नकाशात हाच मार्ग उत्तरेकडे फुगीर झालेला दिसतो, कारण गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना नकाशा ताणला जातो. फ्रँकफुर्ट ते दिल्ली हे अंतर सुमारे ६१०० किलोमीटर भरते. जवळच्या गावांच्या बाबतीत मात्र सपाट नकाशा आणि गोल यांत फारसा फरक पडत नाही. झुरिक ते फ्रँकफुर्ट ही रेघ सुमारे २८५ किलोमीटरांची आहे.

आता वेळ पाहू. प्रवासी जेट विमान उंचावर पोहोचले की ताशी आठशे किलोमीटर किंवा त्याहून काहीसे अधिक वेगाने जाते. त्या हिशेबाने २८५ किलोमीटरांना वीस-बावीस मिनिटे पुरावीत. वेळापत्रक मात्र जवळजवळ तासाचे असते. उरलेली मिनिटे कोठे जातात? विमान दारापासून निघून धावपट्टीच्या टोकापर्यंत रांगत जाते, तेथे पाळी येण्याची वाट पाहते, मग चढते. इतक्या छोट्या प्रवासात वर चढून स्थिरावते न स्थिरावते तोच उतरण्याची तयारी करावी लागते. उतरण्यासाठी पुन्हा पाळी, आणि वाऱ्याच्या दिशेप्रमाणे धावपट्टीला वळसा. पूर्ण वेगाचा उपयोग त्याला थोडाच वेळ होतो. म्हणून जाणकार ढोबळ हिशेब असा करतात की अंतराला वेगाने भागावे आणि येणाऱ्या उत्तरात अर्धा तास मिळवावा.

हा झाला धावपट्टी ते धावपट्टी असा वेळ. माणूस काही धावपट्टीवर राहत नाही. नातू सांगे की घरून विमानतळ, तेथील तपासणी, उतरल्यावर पुन्हा शहरात जाणे हे सगळे धरले तर चार तास सहज होतात, आणि झुरिकहून फ्रँकफुर्टला थेट आगगाडी चार तासांच्या आसपास पोहोचवते. लंडन आणि पॅरिस यांच्यामध्ये समुद्राखालच्या बोगद्यातून १९९४ साली आगगाडी सुरू झाली तेव्हापासून तेथेही हाच अनुभव आहे. विमान आकाशात तासभरच असते, गाडीला सव्वादोन-अडीच तास लागतात, तरीही पुष्कळ लोक गाडीच पसंत करतात, कारण ती गावाच्या पोटातून निघते आणि गावाच्या पोटात नेऊन सोडते.

अंतर अगदीच लहान असले तर काय होते, त्याचाही एक नमुना युरोपातच आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटे आहेत. त्यांतील वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये १९६७ सालापासून नियमित विमान चालते. अंतर पावणेतीन किलोमीटर, आणि आकाशातला वेळ दीड-दोन मिनिटे. वारा अनुकूल असताना हे विमान एक मिनिटाच्या आतही उतरले आहे. जगातील सर्वांत छोटा नियमित विमानप्रवास तो हाच. आपल्याकडे पावणेतीन किलोमीटरांसाठी कोणी सायकलही बाहेर काढणार नाही. पण मध्ये समुद्र असला की पावणेतीन किलोमीटर पुष्कळ होतात.

मध्ये काय आहे, हा प्रश्न आम्हा पांढुर्णा-सौंसरकडच्या मंडळींना नवा नाही. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदी आहे. नदीचे पात्र ते केवढे! तरीही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांवरून गोटमार होते, मध्ये रोवलेल्या पळसाच्या झेंड्यासाठी दगड चालतात, आणि काठावरच्या आयांना तो दिवस सरता सरत नाही. एका काठाचा मुलगा आणि दुसऱ्या काठाची मुलगी यांची कथा त्या प्रथेमागे सांगतात. कथा खरी असो वा नसो, गोटमारीत माणसे जायबंदी झाली आहेत, जिवालाही मुकली आहेत. हाकेच्या अंतरावरचा काठ किती दूर असू शकतो हे आम्हाला नकाशावाचून ठाऊक आहे.

नकाशावर आणखी एक रेघ ओढून पाहिली, आणि ती मला चटका लावून गेली. झुरिक ते फ्रँकफुर्ट एवढेच अंतर आपल्याकडे कोणत्या दोन विमानतळांत आहे, हे मी शोधत होतो. उत्तर निघाले नागपूर आणि भोपाळ. सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर. ही रेघ पट्टीने ओढली तर ती पांढुर्णा आणि सौंसर यांच्या बरोबर मधून जाते. दोन्ही गावे तिच्यापासून दहा-पंधरा किलोमीटरांवर, एक पश्चिमेला आणि एक पूर्वेला. विमाने ठरवून दिलेल्या हवाई मार्गांनी जातात, पट्टीने ओढलेल्या रेघेवरून नव्हे. तरी ही दोन टोके आमच्या भागाच्या नशिबाचीच दोन टोके आहेत.

१९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती. कचेरी तेथे, उच्च न्यायालय तेथे, संत्र्यांची बाजारपेठ तेथे, मुलांची कॉलेजे तेथे आणि सोयरिकीही तेथेच. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपूरला. सौंसरहून नागपूरचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे ६५ किलोमीटर आणि भोपाळचा सुमारे २३५. एका रात्रीत राजधानी साडेतीनपट लांब गेली. गाव मात्र जागचे हलले नव्हते.

त्या काळी सौंसरहून नागपूरला जायचे ते छोट्या गाडीने. अडीच फुटांच्या रुळांवरून ती डुलत जाई, आणि तिच्या वेळेविषयी कोणी तक्रार करीत नसे, कारण तिच्याकडून कोणी घाईची अपेक्षाच करीत नसे. २०१५ च्या अखेरीस ती गाडी बंद झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने रुंद रूळ आले. पांढुर्णा मात्र पूर्वीपासूनच नागपूर-इटारसी या मोठ्या मार्गावर आहे. गंमत अशी की या दोन गावांतले अंतर सरळ रेषेत तीस किलोमीटरांच्या आतबाहेर, पण रेल्वेनेच जायचे म्हटले तर नागपूरला तरी वळसा घाला किंवा छिंदवाडा-आमला असा तरी घाला. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले, तेव्हा जिल्ह्याची कचेरी जवळ आली, ती सडकेने. रूळ होते तेथेच आहेत.

आकाशातही असेच वळसे असतात. नागपूरहून भोपाळला ज्या दिवशी थेट विमान नसेल त्या दिवशी मुंबईमार्गे जाणाऱ्याला ३०० किलोमीटरांसाठी सुमारे १३५० किलोमीटर उडावे लागेल, आणि मधला मुक्काम वेगळा. आगगाडी ३९० किलोमीटरांच्या आसपासच्या मार्गाने पाच-सहा तासांत पोहोचवते. मोठ्या प्रवासात तर राजकारणही आडवे येते. २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटले आणि रशियाचे आकाश युरोपीय विमानांना बंद झाले, तेव्हा हेलसिंकीहून टोकियोला नऊ-साडेनऊ तासांत जाणारे विमान तेरा तास घेऊ लागले. दोन्ही शहरांतले अंतर एका वीतभरानेही वाढले नव्हते.

विमानांचा उपयोग माणसे जवळ आणण्यासाठी किती नेटका करता येतो, याचे उदाहरणही आपल्या नागपूरचेच आहे. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची विमानटपाल सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांनी चार विमाने संध्याकाळनंतर निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि उजाडेपर्यंत विमाने आपापल्या गावी परत पोहोचत. ही व्यवस्था जवळजवळ दोन तपे चालली. दिल्ली-नागपूर ही रेघ सौंसरच्या पूर्वेला दहा-बारा किलोमीटरांवरून जाते. म्हणजे अंगणात निजलेल्या आमच्या डोक्यावरून कोणाकोणाची पत्रे रात्री जात असतील! त्या व्यवस्थेचे मर्म वेगात नव्हते. पत्र अमुक दिवशी सकाळी मिळेल असे सांगितले जाई, आणि ते त्या सकाळी मिळे.

आता माझी चूक सांगतो.

दोन वर्षांपूर्वीच्या पौषात आत्या अंथरुणाला खिळली. मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितले की नातवाला बोलवायचे असेल तर बोलवा. मीच झुरिकला फोन केला. तेथे तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. तो म्हणाला, “काका, मी निघतो.” मी कागद घेतला आणि हिशेब मांडला. झुरिक ते फ्रँकफुर्ट एक तास, फ्रँकफुर्ट ते दिल्ली साडेसात तास, दिल्ली ते नागपूर पावणेदोन तास, नागपूर ते सौंसर दीड तास. एकूण पावणेबारा तास. बेरीज अचूक होती. आत्याच्या उशाशी बसून मी सांगितले, “आत्या, बारा तासांची वाट आहे. उद्या उजाडता उजाडता तो दारात उभा राहील.”

तिचा चेहरा उजळला. ती रात्रभर धीराने जागी राहिली.

बुधवारी उजाडले. प्रत्येक मोटारीच्या आवाजाला ती डोळे उघडी. “आला का?” दुपारपर्यंत हेच. फ्रँकफुर्टहून दिल्लीला निघणारे मंगळवारचे विमान फोन झाला तेव्हाच निघण्याच्या बेतात होते. ते त्याला मिळणे शक्य नव्हते. जागा मिळाली ती बुधवारी दुपारी एकच्या विमानात. म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे साडेपाच. हे सारे मी तिला समजावून सांगितले. ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि मग क्षीण आवाजात म्हणाली, “मंग बारा तास काहून म्हनलं तुनं?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

नातू गुरुवारी पहाटे एकला दिल्लीस उतरला. दिल्लीवर दाट धुके होते. नागपूरचे पहिले विमान साडेदहानंतर उडाले. तो सौंसरला पोहोचला तेव्हा दुपारचे सव्वादोन वाजले होते. माझ्या फोनपासून सव्वापंचेचाळीस तास. आत्या त्याच सकाळी नऊ वाजता गेली होती. तो तेव्हा दिल्लीला बसून धुके निवळण्याची वाट पाहत होता. अंत्यविधीला तो होता, एवढेच समाधान.

यात कोणाला दोष देण्यासारखे काही नाही. जागा नसते, धुके पडते, त्याला कोण काय करणार? पहिल्याच संध्याकाळी मी “परवा दुपारी येईल” असे म्हणालो असतो तर आत्या आणखी पाच तास जगली असती, असेही मी म्हणत नाही. पण तिचा बुधवार असा दर मोटारीगणिक तुटत गेला नसता. मी तिला विमानाचा वेळ सांगितला होता. तिला हवा होता तो नातवाचा.

म्हणून वाचक बंधुभगिनींनो, आपल्या घरी असा प्रसंग येईल तेव्हा हिशेब मांडताना चार गोष्टी विसरू नका. पहिली, प्रवास दारापासून दारापर्यंत मोजावा. उड्डाणाचे तास हा त्यातील एक तुकडा आहे. दुसरी, आधी जागा मिळाली का आणि विमान कोणत्या दिवशीचे ते विचारावे, मग तास मोजावेत. तिसरी, तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. झुरिक किंवा फ्रँकफुर्टचे घड्याळ हिवाळ्यात आपल्या मागे साडेचार तास असते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेतीन तास. हिवाळ्यात दुपारी एकला निघालेले विमान दिल्लीला रात्री एकला पोहोचले तर कागदावर बारा तास दिसतात. त्यातून साडेचार वजा केले की खरे साडेसात उरतात. परतीच्या वेळी पश्चिमेकडून येणारा उंचावरचा वारा समोरून लागतो आणि तोच प्रवास तासाभराने वाढतो. चौथी गोष्ट म्हणजे पौष-माघात दिल्लीमार्गे येणाऱ्यासाठी धुक्याचे तास वेगळे ठेवावेत, आणि जोडविमान असेल तर दोन विमानांमध्ये हात राखून वेळ घ्यावा. वर्तमानपत्रे आणि विमान कंपन्या अंतर सांगतात, उड्डाणाचा वेळ सांगतात. बाकीचा हिशेब घरच्यांनीच करायचा असतो.

आपल्या भाषेने हा भेद फार पूर्वी ओळखलेला दिसतो. आपण वाट चालतो आणि वाट पाहतोही. शब्द एकच. चालणाऱ्याची वाट पायांखालून सरत जाते, त्याला खिडकी असते, पुढचे गाव असते, कोणाशी दोन गोष्टी असतात. पाहणाऱ्याची वाट मात्र सरत नाही. ती दारापासून निघते आणि दारापाशीच येऊन थांबते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांना या दुसऱ्या वाटेचा सराव अधिक आहे. आधी नागपूर-पुण्याहून येणाऱ्यांची वाट पाहिली, आता झुरिक-लंडनहून येणाऱ्यांची पाहतो.

असो. आत्याचे अंगण आता तिच्या धाकट्या सुनेकडे आहे. संत्र्याच्या दिवसांत मी अजून तेथे जातो. डोक्यावरून दिवा सरकतो. नातवाची धाकटी मुलगी सुट्टीत आली की तीही तोच प्रश्न विचारते, कुठून आले आणि किती लांब आहे ते. मी तिला किलोमीटर सांगतो, कारण ते शाळेत उपयोगी पडतील. पण घरात कोणी कोणाची वाट पाहत असेल आणि मला विचारले, तर मी अंतर सांगत नाही. कोणता दिवस, कोणता प्रहर तेवढे सांगतो, आणि त्यात चार-सहा तास अधिक धरतो. वेळेआधी आलेले आपले माणूस कोणाला कधी जड झालेले नाही.